सुनेसाठी राखलेली कॉलर

सगळी गल्ली त्यांना कॉलरकाकू म्हणायची. त्यांनी शिवलेला शर्ट जुना व्हायचा, कोपरांना विरायचा, पण कॉलर शेवटपर्यंत मानेभोवती नीट बसलेली. पुढच्या खोलीत खिडकीपाशी त्यांचं पायमशीन होतं. तिथं बसून त्यांनी कितीतरी बायकांना शिवण शिकवलं, अगदी हातचं न राखता. कॉलर तेवढी कुणाला दाखवली नाही. ती घरातच राहू दे, म्हणायच्या.

घरात म्हणजे सुनेकडे. सून औषधांच्या दुकानात कामाला होती. दिवसभर काउंटरमागं उभं राहून संध्याकाळी तिच्या पायांचे नुसते खांब व्हायचे. सासूबाई अधूनमधून म्हणायच्या, "बस गं जरा माझ्याजवळ."

"पुढच्या आठवड्यात नक्की, आई."

तयार शर्ट पैशाला पासरी मिळत असताना हा खटाटोप कशाला, असं तिला मनातून वाटायचं. तोंडावर नाही म्हणवत नव्हतं, म्हणून ती पुढच्या आठवड्यावर ढकलायची. सासूबाईंनीही कधी धोशा लावला नाही.

मग सासूबाई विसरायला लागल्या. आधी चष्मा, मग गॅस, मग शेजारणींची नावं. एका संध्याकाळी सून कामावरून आली, तर त्यांनी दारातच हसून विचारलं, "शिवण शिकायला आलात का? या ना."

डॉक्टरांनी याची कल्पना दिली होती. तरी तो 'आलात' ऐकून ती चप्पल न काढता उंबऱ्यातच उभी राहिली. नवरा आतून हळूच म्हणाला, "हो म्हण. तिला बरं वाटेल."

ती मशीनवर बसली. पहिला धडा कागदाचा. दोरा ओवायचाच नाही, रेघांच्या कागदावर नुसती सुई चालवायची आणि भोकं रेघेवरच पडली पाहिजेत. तिची भोकं कागदभर मुंग्यांसारखी पांगली. चाक उलटं फिरलं आणि सुई मोडली.

"अहो, शिवताय की सायकल हाणताय?" सासूबाई म्हणाल्या, आणि दोघी खूप हसल्या. मग त्यांनी तिच्या हातांवर आपले हात ठेवले. माणसं विसरलेल्या त्या हातांना कागद किती ओढायचा, कुठं नुसता सोडून द्यायचा, हे पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून मशीनवर जाऊन बसली. सासूबाईंनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. "नवीन का?" आणि पुन्हा कागद.

रोज तेच. तिची भोकं हळूहळू रेघेवर आली. तेव्हा सासूबाई हरखून म्हणाल्या, "उपजतच हात आहे हो तुम्हाला. पहिल्या दिवशी इतकं सरळ कुणाला जमत नाही."

शेवटी तिनं धीर करून विचारलं, "मला कॉलर शिकवाल?"

"तेवढं सोडून काहीही मागा. कॉलर सुनेसाठी ठेवलीय."

"ती शिकत का नाही मग?"

"शिकेल की. दिवसभर उभी असते बिचारी, पाय दुखतात तिचे. मीच फार मागं लागत नाही. पुढच्या आठवड्यात बसते म्हणालीय."

सून त्यांच्याकडे वळली. "आई, मीच तुमची सून."

सासूबाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं, मग समजूत काढल्यासारखा तिचा हात थोपटला. "कॉलरसाठी सगळ्याच असं म्हणतात हो."

त्या रविवारी तिनं नवऱ्याचा एक जुना शर्ट काढला, सासूबाईंनीच शिवलेला, आणि त्याची कॉलर टाका टाका करून उसवली. आत काहीतरी युक्ती सापडेल, अशी तिला आशा होती. निघालं काय, तर कापडाचे दोन तुकडे आणि मधे ताठ अस्तर, सगळ्यांच्या कॉलरीत असतं तेच. कापड कुठं ताणलं, कुठं ढील दिली, हे उसवलेल्या तुकड्यांवर कुठंच दिसत नव्हतं. तिनं ती परत जोडायला घेतली, तर एक टोक कुत्र्याच्या कानासारखं वर आलं. पुन्हा उसवली, तशी कापडाची कडच सुटली. नवरा शर्टाकडे बघत राहिला. रागावला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं.

पुढं तिनं बाजारातल्या शिवणवर्गात नाव घातलं. बाई चांगल्या होत्या, त्यांनी बेतण्यापासून काजांपर्यंत सगळं शिकवलं. तोवर सासूबाईंनी मशीनजवळ जाणं सोडलं होतं. खिडकीशी बसून असायच्या, हात मांडीवर. वर्गातून आली की सून त्यांच्या शेजारी बसायची. आता तिला बसायला वेळ मिळायचा.

वर्ग संपताना तिनं नवऱ्यासाठी अख्खा शर्ट शिवला. त्यानं तो घातला, आरशात पाहिलं आणि मनापासून म्हणाला, "छान झालाय गं."

झाला होताच. पण बोलता बोलता त्यानं दोन बोटं कॉलरीत घालून ती मानेपासून जराशी सैल केली, दुकानातल्या शर्टाची करतात तशी. त्याच्या ते लक्षातही आलं नाही. सुनेनं मापाचा टेप गुंडाळून डब्यात ठेवला.