भिंतीकडे तोंड करून

साहेब, माझ्या तोंडावर ते खोटं तुम्हीच रंगवायला लावलंत. तेही खडूनं नव्हे, ऑइलपेंटनं! पुसायची सोयच ठेवली नाहीत.

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे, दुसरीच्या वर्गातला. मला घडवणाऱ्या सुतारानं माझ्या दोन्ही बाजूंवर रंधा मारला, दोन्हींना काळा रंग दिला. त्याची बायको हसली. "अहो, भिंतीकडची बाजू कोण बघणार आहे?" तो म्हणाला, "कुणाला उघड्या पाठीनं घराबाहेर धाडू नये गं."

पहिली वर्षं मजेत गेली. अक्षरं यायची, पुसली जायची. मग तपासणीचे साहेब आले. पोरांना परिच्छेद लिहिता येत नाही म्हणून चिडले आणि शाळाशाळांतल्या फळ्यांवर, माझ्यावरही, कायमचा नमुना रंगवून घेतला: 'माझे घर मोठे आहे. घरासमोर बाग आहे. बागेत फुले उमलतात. मला माझे घर फार आवडते.' सगळ्या वर्गाचं घर एकच! सारखं आलं की तपासायला सोपं. साहेब याला शिक्षण म्हणायचे. मी काय म्हणायचो, ते तुमच्यासमोर सांगण्यासारखं नाही. अक्षर वळणदार, म्हणून पाहुणे माझं कौतुकही करायचे. डोंबलाचं कौतुक!

मग एका वर्षी चिमटी आली. एवढीशी होती, म्हणून हे नाव. तिचे आईवडील इस्त्रीचं दुकान चालवायचे आणि तिघं वरच्या माळ्यावर राहायची. तपासणीला तिनं कागद कोराच दिला.

"लिही की गं, समोर दिसतंय ना?" साहेब म्हणाले.

"आमच्याकडे बाग नाहीये."

"नसू दे. लिही."

"मग ते आमचं घर कसं?"

साहेबांनी शेरा मारला: लिहिता येत नाही. वर्षअखेरीस पुन्हा बघू, नाहीच जमलं तर दुसरीतच ठेवा. चिमटीनं मान खाली घातली, ती शाळा सुटेपर्यंत वर केली नाही.

वर्गाच्या बाई बोलायला मऊ, पण पक्क्या. दुसऱ्याच दिवशी त्यांनी शिपाईमामांना हाक मारली.

"मामा, हा फळा उलटा टांगायचाय."

"साहेब कच्चं खातील, बाई!"

"आधी मला खातील. तुम्ही खिळे काढा."

माझी पाठ पहिल्यांदा उजेडात आली. तिला खडू लागला आणि काय हायसं वाटलं म्हणून सांगू!

बाईंनी एकेका पोराला एकेक वाक्य केलं आणि रांगेत उभं केलं. पहिल्यानं सांगायचं, कशाबद्दल बोलायचं ते. 'आमचं घर उबदार आहे.' मागच्यांनी तेवढंच धरून बोलायचं. मध्येच रांगेतला ढब्बू ओरडला, "मला केळं आवडतं!"

"हा या घरचा नाही!" पोरं खिदळली.

"पण बाई, खरंच आवडतं!"

"आवडू दे रे बाळा. केळ्याची वेगळी रांग लावू."

इतकी वर्षं परिच्छेद अंगावर वागवला, पण परिच्छेद म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

वर्षअखेरीस साहेब आले आणि दारातच थबकले. "परिच्छेद कुठे गेला?"

"भिंतीकडे तोंड करून उभा केलाय, साहेब," बाई म्हणाल्या. "खोटं बोलतो."

त्यांनी चिमटीला पुढे बोलावलं. चिमटी टाचा उंचावून माझ्यावर लिहू लागली. 'आमचं घर उबदार आहे. खाली इस्त्रीचं दुकान आहे. त्यामुळे आमची जमीन गरम असते. थंडीतपण मी अनवाणी चालते. पाहुणे खुर्ची नको म्हणतात आणि खालीच बसतात.'

साहेबांनी दोनदा वाचलं. मग शेरा खोडला. "पाठवा तिसरीत."

"सुटलो बुवा!" म्हणत मामा मटकन बाकावर बसले. बाईंच्या हातातला खडू केव्हाच मोडला होता, तो त्यांना आत्ता दिसला. आणि चिमटी? तिनं मान वर करून थेट विचारलं, "साहेब, तुमच्या घरापुढे बाग होती का?"

साहेबांनी घड्याळ बघितलं आणि निघून गेले.

मित्रांनो, मला ओल्या फडक्यानं पुसा, खडू करकर ओढू नका. मी अजून पुष्कळ टिकेन. फक्त माझ्यावर दिसेल ते घर आपलं म्हणून उतरवू नका.

आणि साहेब, बाकीच्या शाळांत माझे भाऊबंद अजून ती बाग तोंडावर घेऊन उभे आहेत. त्यांना कधी फिरवताय? चिमटीचा प्रश्नही तसाच राहिलाय. खडू खाली ठेवलाय, माझी पाठ मोकळी आहे. लिहा. होती का बाग?