खिळ्यावरची टोपी

आमच्या नेमबाजीच्या मैदानावर एक जुना नियम आहे. निशाणांकडे जाणाऱ्याने आपली टोपी लाल झेंड्याजवळच्या खिळ्याला अडकवायची. खिळ्यावर टोपी आहे तोवर कोणी बंदुकीला हात लावायचा नाही. पूर्वी दर फेरीनंतर आम्ही नवरा-बायको पाचशे मीटर तंगडतोड करायचो, पडलेल्या पोलादी पाट्या एकेक करून उभ्या करायचो. मग नवऱ्याने डोकं लढवलं आणि कप्प्यांवरून दोरी ओढली. इकडून हिसका दिला की तिकडे सगळ्या पाट्या उभ्या! स्पर्धा झपाझप उरकू लागल्या, लोक त्याला 'इंजिनियर' म्हणू लागले आणि स्वारी हवेत तरंगू लागली. तिकडे जाणंच उरलं नाही, तसं खिळ्याकडेही कोणी बघेना.

त्या दिवशी फेरी संपली आणि दोरी कप्पीतून निसटली. नवरा पाहुण्यांना आपली करामत समजावून सांगत होता. मी त्याच्या पाठीमागून म्हटलं, "अहो, मी दोरी बसवून येते." त्याने "हं" केलं. संसारात एवढ्या 'हं'वर मी बरंच काही चालवलंय. टोपी अडकवली, लोखंडी आकडा घेतला आणि निघाले. स्पर्धा चालू असताना फोन पेटीत ठेवायचे असतात, म्हणून तोही नाही.

पाट्यांपुढे मातीचा बांध आहे आणि मागे चर. मी चरात आडवी होऊन दोरी कप्पीत बसवली. अजून गाठ तपासत होते, तेवढ्यात दोरी ताणली गेली आणि खडखड करत सगळ्या पाट्या माझ्या डोक्यावर उभ्या राहिल्या.

मला वाटलं, नवरा दोरी बसली का ते बघतोय. तेवढ्यात भोंग्यावरून पंचांचा आवाज आला, "झेंडा खाली. नेमबाज तयार."

माझ्या पाचावर धारण बसली. अहो, मी आहे ना इथे! ओरडले, पण आवाज मलाच धड ऐकू येईना. उठून हात हलवावा, तर पलीकडे दहा जणांचे डोळे दुर्बिणीला आणि बोटं चापावर. कुणाचं बोट आधी हललं तर? मी मातीत तोंड खुपसलं. घरी असलेल्या पोरीचा चेहरा आठवला आणि रडूच फुटलं.

मग एकदम सुचलं. सगळ्या पाट्या उभ्या दिसल्याशिवाय पंच फेरी सुरू करत नाहीत. मी पडल्या पडल्या आकडा कडेच्या पाटीच्या कडीत घातला आणि मागे ओढलं. पाटी धाडकन पडली.

"एक पाटी पडली. थांबा," भोंगा म्हणाला.

दोरीला हिसका बसला. पाटी उभी! मी पुन्हा पाडली. पुन्हा हिसका, पुन्हा उभी. तिकडे हा माणूस पाहुण्यांसमोर नाक कापलं जाऊ नये म्हणून जिवाच्या आकांताने ओढत असणार. इतका राग आला की भीतीतही मी त्याला मनसोक्त शिव्या घातल्या. आकडा सारखा निसटत होता. शेवटी मी आकडा टाकला, दोरीच दोन्ही हातांनी धरली आणि सगळं अंग टाकून माझ्याकडे ओढली.

तो थांबला. मी पुन्हा ओढली.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग भोंग्यावर पंचांचा नाही, माझ्या नवऱ्याचा आवाज आला, फाटलेला, "बंदुका खाली ठेवा! माझी बायको आहे तिकडे!"

तो लाल झेंडा घेऊन धावत आला. मी चरातून वर पाहिलं तर त्याच्या डोक्यावर माझी टोपी.

"ऊन लागत होतं," तो म्हणाला. "माझी घरी राहिली. ही दिसली, घातली." आणि तिथेच मातीत बसून लहान मुलासारखा रडायला लागला.

मघाच्या शिव्यांपैकी एकही मला आठवली नाही.

परतलो, तर त्या ओढाताणीत दोरी पुन्हा निसटलेली. "आता मी जातो," म्हणत त्याने टोपी काढून खिळ्याला अडकवली आणि चालू लागला. पंच म्हणाले, "ताई, तुम्ही बसा जरा, पाणी प्या."

मी बसले नाही. तो परत येईपर्यंत त्या टोपीवर हात ठेवून उभी राहिले.