आईचं सांगायचं राहिलं होतं

बाबा गेले तेव्हा मी माझ्या तान्ह्या उत्पलाचा ताप बघत होते. थर्मामीटर तिच्या काखेत होतं. ते वाजायच्या आधी फोन वाजला. माझा नवरा रुपेश दवाखान्यातून बोलत होता.

"मोनाली, सात वाजून दहा मिनिटांनी," एवढंच तो म्हणाला.

मी म्हटलं, "बरं."

मग थर्मामीटर वाजलं. सत्त्याण्णव पॉइंट आठ. ताप नव्हता. हे मी रुपेशला सांगितलं, तोही "बरं" म्हणाला. फोन ठेवल्यावर मी डायपरची बॅग भरायला घेतली. किती दिवसांचे डायपर घ्यावे ते कळत नव्हतं. आठ घेतले, मग बारा, मग पूर्ण पाकीटच टाकलं.

पिपरी मेघेहून अल्लीपूरला पोहोचेपर्यंत साडेदहा झाले. गाडीत सासूबाई दोनदा म्हणाल्या, "रड व बाई, मोकळं वाटते." मी उत्पलाच्या टोपीची नाडी सैल करत होते. ऑक्टोबरचं ऊन काचेतून थेट तिच्या कानावर येत होतं.

अल्लीपुरात बाबांनी आयुष्यभर दोन कामं केली. एक ग्रामपंचायतीचं. सकाळी नळाचा व्हॉल्व्ह खोलायचा, तासाने बंद करायचा. त्यातून ते चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. दुसरं काम म्हणजे आमच्या वस्तीतलं माणूस गेलं की त्याला नीट पोहोचवायचं. बाबा बौद्धाचार्य होते. मेणबत्त्या, पांढरं कापड, त्रिशरण, पंचशील, सगळं तेच बघत. पण लोक त्यांना बोलवत ते त्यांच्या सांगण्यासाठी. घाटावर, अग्नी द्यायच्या आधी, ते गेलेल्या माणसाबद्दल दहा मिनिटं सांगायचे. त्याला भाषण म्हणता येणार नाही. सकाळीच ते त्या घरी जात, ओट्यावर बसत आणि घरच्यांना एकच प्रश्न विचारत:

"उद्यापासून या घरातलं कोणतं काम राह्यते?"

कोणी सांगे, कोंबड्या झाकायचं. कोणी सांगे, शेजारच्या आंधळ्या म्हातारीला दुकानात नेऊन आणायचं. एकीने नवऱ्याबद्दल सांगितलं, "माह्यासंग भांडाचं काम राह्यते." बाबांनी घाटावर तेच जसंच्या तसं सांगितलं आणि सरणाभोवती उभे असलेले लोक हसले. ती बाईही हसली. मग ती जी रडली, ती संध्याकाळपर्यंत.

आधी बाबा आजारी माणसाकडे डायरी घेऊन जायचे. म्हणजे त्याच्याच तोंडून थोडंफार लिहून घेता येईल. पण वस्तीत बोलणं सुरू झालं की प्रेमदासभाऊ डायरी घेऊन आला म्हणजे आपलं तिकीट निघालं. नानाजी म्हणून एक म्हातारे होते, त्यांनी खाटेवरूनच ओरडून सांगितलं, "मी अजून मेलो नाई. तो पेन खिशात ठेव." त्यानंतर ते सहा वर्षं जगले. बाबांनी डायरी बंद केली. ही गोष्ट बाबा स्वतःच सगळ्यांना सांगत आणि स्वतःच आधी हसत.

त्यांचा नियम एकच होता. अग्नीच्या आधी माणूस एकदा सांगून झाला पाहिजे. न सांगता कोणाला जाळायचं नाही.

हा नियम त्यांनी एकदाच मोडला. आईच्या वेळी.

अकरा वर्षं झाली. मी वर्ध्याला होस्टेलमध्ये होते, बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला. आई दोन दिवसांत गेली. घाटावर बाबांनी पंचशील म्हटलं, लोकांकडे वळले, तोंड उघडलं. बराच वेळ तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "जिजाबाईबद्दल मी उद्या सांगतो." आणि अग्नी दिला. सातव्या दिवशी जलदानविधीला लोक पुन्हा जमले, तेव्हाही म्हणाले, उद्या. त्यानंतर कोणी विचारलं नाही. मीही नाही.

परवा दवाखान्यात त्यांनी ऑक्सिजनचा मास्क हाताने वर केला.

"तुह्या मायचं राह्यलं."

"हो बाबा."

"तू सांगजो. माह्यासंगच सांगून टाकजो. अग्नीच्या आधी."

"सांगते. आता बोलू नका तुमी."

खाली गाडीत सासूबाईंजवळ उत्पला होती. तिच्या दुधाची वेळ टळून वीस मिनिटं झाली होती आणि मी घड्याळ बघत होते. हो म्हणताना मी घड्याळच बघत होते. हे मी रुपेशलाही सांगितलेलं नाही.

आता अंगणात मांडव टाकणं सुरू होतं. बाबांना घेऊन ॲम्ब्युलन्स बाराला येणार होती. लोक येत, जयभीम म्हणत, माझ्या डोक्यावर हात ठेवत आणि त्याच हाताने उत्पलाचा गाल धरत. मी प्रत्येकानंतर ओल्या रुमालाने तिचा गाल पुसत होते. शेजारच्या अंजूवहिनींनी ते पाहिलं. त्यांनी फक्त माझी खुर्ची आतल्या दाराशी सरकवली.

मी त्यांना विचारलं, "वहिनी, बाबांचं कोणतं काम राहते आता?"

त्या चहाचे कप विसळत होत्या. "तुह्या बापाचं? आता आम्ही मेल्यावर आमचं कोण सांगन, हे राह्यते." आणि पुढचा कप घेतला.

"आणि आईचं?"

"जिजामावशीचं?" त्या थांबल्या. "तिचं तर लय काम राह्यलं, मोना." तेवढ्यात कोणीतरी दोरी मागितली म्हणून त्या उठून गेल्या.

मी आठवायला बसले. आई म्हटलं की मला तिची निळी चप्पल आठवत होती, आणि होस्टेलला येताना तिने दिलेला चिवड्याचा डबा. त्याचं झाकण घट्ट बसत नव्हतं. एवढंच. अठरा वर्षं जिच्या घरात राहिले तिच्याबद्दल झाकण बसत नव्हतं एवढं आठवतं. घाटावर हे काय सांगणार?

बंडूजी काका आले. बाबांचे चुलतभाऊ, निवृत्त शिक्षक. त्यांच्या हातात चार घड्यांचा कागद होता.

"मी दोन शब्द काढले आहे. ऐकतं का?" ते वाचायला लागले. मनमिळाऊ, कष्टाळू, समाजाचं भूषण. मागच्या वर्षी पलीकडच्या गल्लीतल्या भैय्याजींच्या वेळी त्यांनी हेच वाचलं होतं. बाबा तेव्हा तापाने पडले होते. बाबांना नंतर कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, नाव बदललं की झालं का?

"काका, बाबांनी मला सांगितलंय. आईचं सांगायचं म्हणून."

"वहिनीले जाऊन अकरा वर्षं झाले, बाई. एकाच्या कार्यात दुसऱ्याचं नसते."

"त्यांनी सांगितलंय."

"माणूस शेवटी काईबी बोलते. अन् तू लेकराले घेऊन घाटावर कायले येते? ऊन पाह्य किती आहे. मी करून घेतो सगळं."

मी मान हलवली. हो की नाही, ते माझं मलाच कळलं नाही. काकांनी हो समजून घेतलं.

बाबा आले. रुपेश आणि चौघांनी त्यांना उतरवलं. दवाखान्याची पट्टी अजून हातावर होती, मीच ती सोडवली. चिकटपट्टीला दोन केस लागून आले. बाबांना अंगणात पुरुषांनी आंघोळ घालायला घेतली.

त्याच वेळी उत्पलाने सगळं घाण केलं. पाठीपर्यंत. पुसून भागणारं नव्हतं. अंजूवहिनींनी मागच्या बाजूला, धुण्याच्या दगडाशी, गरम पाण्याचं घमेलं आणून ठेवलं. पुढे बाबांवर पाणी पडत होतं, त्याचा आवाज भिंतीवरून येत होता. मी बॅग उपसली. पाण्यात टाकायचं थर्मामीटर पिपरी मेघेलाच राहिलं होतं. घरातलं सगळं आणलं आणि तेच राहिलं. मी घमेल्यासमोर उभी राहिले. हात घालून पाहिला, तर हाताला काही कळेना. गरम आहे की कोमट, काहीच कळेना.

"कोपर टाक पाण्यात. तुही माय कोपरानं पाहे."

हे कोणी आत्ता म्हटलं नव्हतं. बाबा म्हणायचे. उत्पला झाली तेव्हा ते आमच्याकडे पिपरी मेघेला येऊन राहिले, चाळीस दिवस. मी तिला न्हाऊ घालायचे तेव्हा न्हाणीच्या दाराबाहेर स्टूल टाकून, पाठ करून बसायचे आणि तिथून सांगायचे. तुही माय पाय पसरून बसे. तुही माय मानीखाली हात असा घाले. तुही माय पहिल्यांदा लेकराले इचारे, आली का व, लय दूरून आली. मधेच न्हाण्याचं सोडून तिचं दुसरंच काहीतरी सांगत बसायचे.

मी चिडायचे. "बाबा, डॉक्टरांनी वेगळं सांगितलंय." दुसऱ्या दिवशी ते पुन्हा स्टूल टाकायचे. मला वाटायचं, ते मला शिकवताहेत. माझ्यावर विश्वास नाही त्यांचा, असंही वाटायचं.

मी कोपर पाण्यात घातलं. पाणी ठीक होतं. दगडावर पाय पसरून बसले, उत्पलाला पायांवर घेतलं, मानेखाली हात घातला. ती रडली नाही. चाळीस दिवस बाबा रोज सांगत होते. अग्नीच्या आधी जमलं नाही ते, रोज थोडं थोडं, माझ्याकडे पाठ करून. आणि मी बादलीतल्या थर्मामीटरच्या आकड्याकडे बघत होते. छत्तीस, सदतीस.

मला तेव्हा रडू यायला पाहिजे होतं. आलं नाही. मी तिचे कान कोरडे केले, दोन्ही.

चारला निघाले सगळे. बुद्धं सरणं गच्छामि म्हणत घाटापर्यंत अर्धा तास लागला. उत्पला माझ्या खांद्यावर झोपली होती. काकांनी मागे वळून मला पाहिलं, कपाळाला आठी घातली, पुन्हा समोर पाहू लागले. सरण रचून झालं. गावच्या नव्या बौद्धाचार्यांनी पंचशील दिलं. मग काकांनी कागद उघडला आणि वाचला. मनमिळाऊ, कष्टाळू. लोक खाली बघत ऐकत होते. कागद संपला. काका म्हणाले, "चला. अग्नी."

"काका, थांबा."

आवाज फार हळू होता. अंजूवहिनी म्हणाल्या, "थांबा गा, पोरगी काई म्हणते."

"मोना, आता उशीर..."

"दोन मिनिटं."

मी पुढे गेले. उत्पला जागी झाली होती आणि माझी ओढणी तोंडात घेत होती. ती ओढणी आज किती जणांना लागली असेल, हे मनात आलं. तरी काढून घेतली नाही.

"माझी आई जिजाबाई," मी म्हटलं. "तिचं बाबांनी उद्या सांगतो म्हटलं होतं. तुम्ही इथंच होता. ते मला त्यांनी सांगितलं. ते मी सांगते."

मग मी सांगितलं. ती पाणी कोपराने बघायची. वस्तीतलं बाळ जन्मलं की पहिले बारा दिवस तीच न्हाऊ घालायची, आणि कोणाच्या घरचं काही घेतलं तर फक्त चहा, तोही बिनसाखरेचा. वयाच्या चाळिसाव्या वर्षी ती सही शिकली आणि कॅलेंडरच्या प्रत्येक रविवारी सही करून ठेवायची. विहिरीत वाकून बघत नव्हती. चिंचोके भाजून खायची आणि बाबांना त्या आवाजाचा राग यायचा, ते रोज म्हणायचे, दात पडतीन तुहे.

कोणीतरी हसलं. मागून एका बाईचा आवाज आला, "माह्या दोघायलेही तिनंच न्हाऊ घातलं."

"आमच्या रुपालेही."

"मलेही," एक तिशीतला माणूस म्हणाला. त्याच्या खांद्यावर लाकडाचा भुगा होता, सरण त्यानेच रचलं होतं. "माय सांगे."

"मी झाले तेव्हा," मी म्हटलं, "ती सात रात्री माझ्या नाकाखाली बोट धरून बसली होती. श्वास चालू आहे का बघायला. बाबा म्हणायचे..." इथे मला थांबावं लागलं. रडू नव्हतं, फक्त पुढचा शब्द येत नव्हता. "बाबा म्हणायचे, तू तशीच निंगाली."

माझं तोंड तसंच उघडं राहिलं. बाबांनाही मी एकदा असंच तोंड उघडून उभं राहिलेलं पाहिलं होतं. मी तोंड मिटलं, पुन्हा उघडलं.

"बाबांचं एवढंच काम राहिलं होतं. ते झालं."

बंडूजी काकांनी कागदाची घडी केली, खिशात घातली. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि घातला. मग पेटवलेला टेंभा दोन्ही हातांनी धरून माझ्यासमोर आणला.

"तूच दे, बाई."

माझ्या हातात उत्पला होती. मी इकडेतिकडे पाहिलं. रुपेश सरणाच्या पलीकडे होता. अंजूवहिनींनी हात पुढे केले. त्यांनी हात धुतले होते का, ते मी विचारणार होते. विचारलं नाही. उत्पलाला त्यांच्याकडे दिलं आणि टेंभा घेतला.

दोन पावलं गेल्यावर मी मागे वळून पाहिलं. वहिनींचा हात तिच्या मानेखाली होता, पंजा पसरून, जसा पाहिजे तसा. मी सरणाकडे वळले.