पूल उचलला तो दिवस

चिमणी टॉवर क्रेन चालवायची. हे लाडाचं नाव बापानं ठेवलेलं. उंचावरच्या काचेच्या केबिनमध्ये बसायला लागल्यावर ते तिला फारच शोभायला लागलं. बापही जन्मभर क्रेनवालाच. लिव्हरवरचा त्याचा हात इतका हलका, की भरलेली बादली उचलली तरी पाणी हिंदकळणार नाही, असं लोक म्हणायचे.

खाली माल बांधायचं आणि वॉकीटॉकीवरून तिला दिशा सांगायचं काम गाठ्याकडे होतं. त्यानं बांधलेला माल कधी सुटला नाही, म्हणून गाठ्या. तो मुकादमाचा मुलगा, आणि अडचण होती ती इथंच. मुकादम आणि चिमणीचा बाप एके काळी एका डब्यात जेवणारे जोडीदार; मुकादम माल बांधायचा, बाप उचलायचा. एकदा वर उचललेला लोखंडी सांगाडा निसटून खाली आला. माणूस कुणी दगावलं नाही, मैत्री तेवढी दगावली. "गाठ कच्ची होती," चिमणीचा बाप म्हणाला. "तू हिसका दिलास," मुकादम म्हणाला. तेव्हापासून एका घरात दुसऱ्याचं नाव काढायची सोय राहिली नाही.

दोघांच्या पोरांना एकाच साइटवर घेतलं ते ठेकेदारानं. त्याला या भांडणाशी काय देणंघेणं!

वॉकीटॉकीवर सगळी साइट ऐकत असायची. त्यामुळे प्रेमाचं म्हणून एक अक्षर दोघं बोलले नाहीत. "डावीकडे घे. अजून. सावकाश. बास." एवढंच. पण जरा वारा सुटला की गाठ्या विचारायचा, "वर ठीक ना?" आणि सुतारापासून वॉचमनपर्यंत सगळे गालातल्या गालात हसायचे.

शेवटी एका संध्याकाळी ती शिडी उतरून आली, तर गाठ्या पायथ्याशी उभा.

"लग्न करशील माझ्याशी?"

"केवढा वेळ लावलास! मला वाटलं, तुझी बॅटरीच संपली."

दोन्ही घरांत भडका उडाला. चिमणीचा बाप म्हणाला, "त्या घराची पायरी मी चढणार नाही." मुकादमानं समोरचं ताट बाजूला सारलं. मित्रांनी सुचवलं, पळून जाऊन लग्न करा, मग येतात सगळे वळणावर. चिमणी उसळली.

"पळू कशाला? चोरी केलीय का मी? लग्न करेन ते मान ताठ ठेवून, दोन्ही बापांच्या समोर. नाहीतर थांबेन."

आणि ते थांबले. वर्ष उलटलं, तरी थांबले.

मग हॉस्पिटलच्या दोन इमारतींना जोडणारा पोलादी पूल बसवायची वेळ आली. पेशंटला उन्हापावसात रस्ता ओलांडावा लागू नये म्हणून तो पूल. बसवायची जागा नेमकी इमारतीच्या आड. केबिनमधून तिथलं काहीच दिसणार नव्हतं.

"बाबा, उद्या साइटवर या," चिमणी म्हणाली. "एवढं मोठं काम मी अजून केलेलं नाही. तुम्ही बघायला हवं."

गाठ्यानंही वडिलांना गळ घातली. दोघं आले आणि कुंपणापाशी एकमेकांकडे पाठ करून उभे राहिले. शेजारी सुपरवायझरचा वॉकीटॉकी चालू होता.

पूल जमिनीवरून सुटला, वर चढला, इमारतीआड गेला. आता चिमणीला आधार फक्त गाठ्याच्या आवाजाचा.

"उजवीकडे. सावकाश. थांब! वारा आलाय, पूल फिरतोय."

ती थांबली.

"अगं, टेकव ना पटकन!" ठेकेदार वॉकीटॉकीवर ओरडला. "दोन हातांवर तर राहिलाय!"

"मला दिसत नाही," तिचा आवाज आला, अगदी शांत. "ज्याला दिसतंय तो सांगेल."

अवजड पूल अधांतरी डुलत राहिला. साइटवर कुणी श्वास घेईना. चिमणीच्या बापाची मूठ नकळत वळली, जणू लिव्हर त्याच्याच हातात होता. "हलू नकोस, पोरी," तो पुटपुटला.

"नाही हलणार," मागून मुकादम बोलला. "हात तुझाच घेतलाय तिनं."

इतक्या वर्षांत मुकादम त्याच्याशी पहिल्यांदाच बोलला होता. बापानं मागे वळून पाहिलं.

वारा पडला. "आता खाली," गाठ्याचा आवाज आला. "हळू... अजून हळू... बसला!"

टाळ्या, शिट्ट्या, आरडाओरडा. गाठ्यानं हेल्मेट हवेत उडवलं.

"काय बांधलंय रे तुझ्या पोरानं!" चिमणीचा बाप म्हणाला. त्याचे डोळे भरले होते आणि ते लपवायचं त्याच्या मनातही आलं नाही.

"मग! शिकवलंय कुणी?" मुकादमाची छाती फुगली. मग त्याचा आवाज उतरला. "त्या दिवशीचं रोज आठवून बघतो मी. माझी गाठ सुटली का, काही कळत नाही."

"माझाही हात हलला असेल. मी तरी शपथेवर कसं सांगू?"

चिमणी शिडी उतरून आली. मान ताठ. गाठ्या धावत येऊन तिच्या शेजारी उभा राहिला.

"बाबा, आता पुन्हा एकदा विचारते—"

"विचारू नकोस," बाप म्हणाला. "तारीख सांग."

लग्न थाटात झालं. दोन्ही बाप दारात खांद्याला खांदा लावून उभे होते, आणि पाहुण्यांचं स्वागत कुणी आधी करायचं यावरून अधूनमधून वाद घालत होते.

हल्ली गाठ्याची आई साइटवरून जाताना मुद्दाम थांबते. ओळखीच्या-अनोळखी कुणालाही वर बोट दाखवून सांगते, "ती तिथं बसलीय ना, ती माझी सून." आणि समोरचा मान वर करून नीट बघेपर्यंत त्याला पुढे जाऊ देत नाही.