आंदणाची झाडं

खुशालरावांच्या भावकीत मुलीचं लग्न लागलं की वरातीच्या आधी एक ट्रॉली निघायची. तिच्यात संत्र्याची कलमं उभी भरलेली असत, प्रत्येक कलम काळ्या पिशवीत. भांडी आणि कपाट मागून जात. ही रीत खुशालरावांनीच पाडली होती. वरूडजवळच्या त्यांच्या वावरात विहिरीपाशी संत्र्याचं एक जुनं झाड होतं. त्याच्या फांद्यांवरचे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या गाठी, काढून ते स्वतः जंबेरी या रानलिंबाच्या खुंटावर बांधत, आणि पुतणी असो की चुलतभावाची मुलगी, प्रत्येकीला ती कलमं आंदण देत. विकलं कधी एकही नाही. "संत्रं इका, डोळा इकू नका," असं ते म्हणत, आणि सोयरीक घेऊन आलेले लोक हे वाक्य आपल्या गावी जाऊन सांगत.

थोरली मुलगी सुभद्रा मोर्शीकडे दिली. तिच्यासोबत सगळ्यात मोठी ट्रॉली गेली. सहा वर्षांत तिला मूल झालं नाही. सासू चतुराबाई ते येताजाता बोलून दाखवायची, पण बोलणं संपवताना म्हणायची, "लेकरू नाई आनलं तं नाई, बाग तं आनली." सुभद्राचं त्या घरातलं राहणं या एका वाक्यावर चाललं होतं. नवरा कुलदीप आईपुढे बोलत नसे.

धाकटी दामिनी अमरावतीच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करत होती. संत्र्याला एक रोग होतो. त्याचा जिवाणू सालीच्या आत, अन्नरस वाहणाऱ्या नळ्यांत राहतो. झाड कित्येक वर्षं बरं दिसतं. मग एखादीच फांदी पिवळी पडते, फळं लहान आणि एका अंगाने वाकडी राहतात, बुडाशी हिरवीच राहतात, कडू लागतात. बरं करणारं औषध नाही. रोग दोनच वाटांनी पसरतो: सायला नावाच्या, मुंगीएवढ्या उडत्या किड्यातून, किंवा रोगी झाडाचा डोळा बांधला तर कलमातून.

दामिनीच्या मार्गदर्शक अवनी मॅडमनी तो रोग वावरातच ओळखणारी कागदाची पट्टी तयार केली होती. जनुकं कापण्यासाठी जगभर हल्ली जी प्रथिनं वापरतात, त्यांच्यातलंच एक तिच्यात होतं. जिवाणूचं जनुक समोर आलं तरच ते प्रथिन कापायला लागतं, आणि ते कापायला लागलं की पट्टीवर दुसरी रेघ उमटते. पानाचा देठ कुटायचा, रस द्रावणात मिसळायचा, नळी कोमट पाण्यात ठेवायची, मग पट्टी बुडवायची. एक रेघ म्हणजे झाड निरोगी. दोन म्हणजे झाड गेलं.

पट्टी तपासून पाहायला शेकडो बागांतली पानं हवी होती. अनोळखी शेतकरी पानं तोडू देत नसत, म्हणून दामिनी नात्यातल्या बहिणींच्या घरी गेली आणि तिचा सहकारी ईशान बाकीच्यांकडे. वरूडची घरची बाग तिने सगळ्यात आधी तपासली होती. तिथे प्रत्येक पट्टीवर एकच रेघ आली, आणि तिला हायसं वाटलं होतं.

मोर्शीला सुभद्राच्या स्वयंपाकघरात तिने नळी कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवली, तेव्हा सुभद्रा हसत म्हणाली की ही तर दिवस गेले का ते पाहायची पट्टी दिसते. चतुराबाई दारात उभी होती.

"मंग आमच्या घरी कायले वाया घालवता?" ती म्हणाली.

दोन रेघा आल्या. दामिनीने पट्टी खिशात टाकली आणि अमरावतीच्या यंत्रावर पाहिल्याशिवाय काही धरायचं नसतं, असं मोठ्याने सांगितलं. सुभद्राने रेघा पाहिल्या होत्या. गोठ्यामागे तिने बहिणीला गाठून खरं काय ते विचारलं. दामिनीने सांगितलं. यंदा पहिल्यांदाच धरलेली फळं लिंबाएवढी का राहिली, तेही सांगितलं.

"मले या घरातून काढतीन, दामे."

दामिनीने शब्द दिला की कुणाचंही नाव कुठेच येणार नाही. नकाशावर फक्त ठिपके असतील, लाल आणि हिरवे.

तसा नकाशा झाला. त्यात एक विचित्र गोष्ट होती. किड्याने रोग पसरवला असता तर लाल ठिपके एकमेकांना चिकटून असते. हे विखुरलेले होते: एका गावात एकच बाग लाल आणि तिच्या बांधाला बांध लागलेली बाग हिरवी. म्हणजे रोग कलमांतून आला होता, आणि ती कलमं एकाच ठिकाणची होती. मॅडम एखादी रोपवाटिका शोधत होत्या. लाल बागा बहुतेक आपल्या नात्यातल्या आहेत हे दामिनीला दिसत होतं, पण आपण नातेवाईकांकडेच गेलो म्हणून नातेवाईकच सापडले, असं तिने स्वतःला समजावलं होतं. नमुना निवडण्यातला दोष म्हणून तिने तो नोंदवलासुद्धा. वडिलांची रोपवाटिका नव्हती. ते तर कलमं विकतही नसत.

जानेवारीत अकोल्याला शास्त्रज्ञांची परिषद होती आणि दुपारच्या सत्राला शेतकऱ्यांनाही बोलावलं होतं. दामिनीने पडद्यावर नकाशा दाखवला. अवनी मॅडम उठल्या आणि त्यांनी सभागृहालाच विचारलं की या लाल गावांत एकाच रोपवाटिकेची कलमं गेलेली दिसतात, ती कोणती ते कुणाला ओळखता येतं का.

मागच्या रांगेत वरूडचे संत्र्याचे व्यापारी बुधाजी बसले होते. त्यांनी चष्मा वर केला, एकेक गाव वाचलं आणि हसू लागले.

"मॅडम, हे रोपवाटिकेचं काम नाई. हे खुशालरावच्या पोरी देलेले गावं हाय. मी या साऱ्या लग्नात जेवलो."

सभागृह हसलं. लोक पडद्याचे फोटो काढू लागले. पुढच्या रांगेतल्या कुणीतरी विचारलं की खुशालराव जावयाला अजून काय काय लावून देतात. दामिनी काठीने नकाशाकडे निर्देश करत तशीच उभी राहिली. खाली उतरल्यावर मॅडमनी तिचा हात धरला. खुशालराव तिचे वडील, हे कळताच त्यांचा चेहरा उजळला होता.

"म्हणजे मूळ झाड तुझ्याच घरी! आता शोधनिबंध पूर्ण होईल."

अमरावतीला परतताना बसमध्ये तिला दुसरीच गोष्ट सुचली. घरची बागही त्याच झाडाच्या डोळ्यांची होती, आणि ती निरोगी होती. एकाच झाडाने बाहेर गेलेल्या कलमांना रोग आणि घरच्यांना आरोग्य दिलं, असं आपोआप होत नाही. झाडाला तेवढी निवड करता येत नाही.

दुसऱ्या दिवशी ती वरूडला गेली आणि विहिरीपाशी जुन्या झाडाची एकेक फांदी वेगळी तपासली. विहिरीवर झुकलेल्या फांदीच्या पट्टीवर दोन रेघा आल्या. बाकी सगळ्या फांद्यांवर एक. तसं होऊ शकतं, जिवाणू झाडात सगळीकडे सारखा पसरत नाही. मग ती कुंपणाच्या कोपऱ्यात गेली. तिथे तिच्या लग्नासाठी बांधलेली कलमं पिशव्यांत वाढत होती. त्यांतल्या जेवढ्या पिशव्या तपासल्या, तेवढ्यांवर दोन रेघा.

खुशालराव ठिबकच्या नळीतला कचरा काढत बसले होते. तिने पट्ट्या त्यांच्यापुढे ठेवल्या.

"त्या फांदीचं फळ कडू लागते, हे तुमाले मालूम होतं?"

"मालूम होतं."

"मंग तिचेच डोळे काहून बांधले?"

"चांगल्या फांद्यायचे घरच्या बागेले लागत होते." त्यांनी नळीत फुंकर मारली. "दुभती म्हैस कोनी आंदनात देते काय, दामे? लोक ट्रॉली पायतात. फांदी कोन पायते?"

रोग असेल हे त्यांच्या ध्यानात नव्हतं. जमीन बदलली की सुधारेल, असं त्यांना वाटलं होतं, आणि नाही सुधारली तर ते परक्याच्या वावरात. हे त्यांनी सहज सांगितलं, जसं पाण्याची पाळी सांगावी.

"आन् त्या कोपऱ्यातल्या? माह्या?"

"तुही तं सोयरीक बी जुळाची हाय अजून," ते म्हणाले आणि वॉल्व्ह उघडला.

अकोल्याच्या नकाशाचा फोटो त्याआधीच गावोगाव पोचला होता. आठवडा सरायच्या आत कुलदीपचा ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत मुळासकट उपटलेली संत्र्याची झाडं होती आणि त्यांच्यावर, पत्र्याची पेटी धरून, सुभद्रा बसली होती. तिचे हात कोपरापर्यंत खरचटले होते. झाडं तिलाच ओढून भरायला लावली होती. घरातून निघताना चतुराबाईने तिला सांगितलं होतं की आता लेकरूही नाही आणि बागही नाही, तर कोणत्या नावाने ठेवायचं तुला. सुभद्रा खाली उतरल्यावर कुलदीपने घरच्या बागेजवळच ट्रॉली उलटवली.

"मामाजी, तुमचं आंदन. काई ठेवून नाई घेतलं," तो सासऱ्याला म्हणाला.

ट्रॅक्टर गेला. खुशालराव ढिगाभोवती एकदा फिरले, लाकूड ओलं आहे, वाळलं की पेटवू, म्हणाले आणि विहिरीकडे गेले. मुलीकडे त्यांनी पाहिलं नाही.

दामिनी ढिगापाशी वाकली. पानं कोमेजली होती. देठांवर तपकिरी किडे बसले होते, डोकं टेकलेलं आणि शेपटीकडची बाजू वर उचललेली. झाड सुकू लागलं की सायला ते सोडून जातो. एकेक करून ते उठत होते आणि बारा-पंधरा पावलांवरच्या घरच्या बागेत, जिथे नुकती कोवळी पालवी फुटली होती, तिथे उतरत होते. फवारणीचा पंप गोठ्यात होता. आत्ता ढीग फवारला असता, तर बाग वाचली असती. ती वडिलांना हाक मारायला वळली.

"काय हाय ते?" सुभद्राने विचारलं.

दामिनीने सांगितलं.

"दिसाले किती दिवस लागतीन?"

"तीन वर्सं. चार बी लागतीन."

"सारी बाग?"

"सारी."

सुभद्रा पेटीवर बसली. तिच्या केसांत एक पान अडकलं होतं. ते तिने काढलं, उलटं करून पाहिलं आणि त्याच्यावरच्या किड्यावर बागेच्या दिशेने हलकेच फुंकर मारली.

"मंग सांगू नको."

विहिरीवरून खुशालरावांनी विचारलं, काय म्हणते ती.

"चहा मांडू काय, इचारून राहिली," दामिनी म्हणाली, आणि बहिणीची पेटी उचलून घरात नेली.