हात वर कर

मित्रांनो, मी एक जुनी, छोटी मिलिंग मशीन आहे. संगणक आकडे देतो, तसं माझं टेबल पुढेमागे सरकतं आणि वरचा फिरता कटर लाकूड किंवा ॲल्युमिनियम कापतो. मी कारखान्यात नाही, एका घराच्या मागच्या खोलीत राहते. माझ्या शेजारी शिलाई मशीन आहे.

मला खोक्यातून बाहेर काढलं काकांनी. काका निवृत्त फिटर. शिलाई मशीन काकूंची. मी आले त्या दिवशी काकू म्हणाल्या, "अर्धी खोली गेली माझी. निदान बटणं तरी लावते का ही?"

तेव्हा मी फार हलकी होते. कापताना थरथरायचे. काकांनी माझ्या पोकळ पायांत वाळू भरली, खाली जाड फरशी ठेवली. थरथर थांबली. पण कापलेला कीस माझ्या लांब स्क्रूवर पडायचा. हा स्क्रू फिरला की टेबल सरकतं. त्यात कीस गेला की मी करकरायचे. काकांनी प्लास्टिकचं झाकण केलं, ते तडकलं. पत्र्याचं केलं, ते टेबलाला आपटलं.

"अहो, टेबल सरकतं, मग झाकण नको का सरकायला?" काकू म्हणाल्या. "घड्या घाला त्याला."

त्यांनी मोडक्या छत्रीचं कापड घेतलं, घड्यांत पुठ्ठ्याच्या पट्ट्या घातल्या आणि पेटीला असतो तसा भाता शिवला. माप काकांनी दिलं होतं. टेबल मधोमध उभं असताना घेतलेलं! पहिल्याच कामात टेबल टोकाला निघालं, भाता ताणला गेला आणि मी वाटेतच अडकले. लेकीच्या दारासाठी चाललेली पाटी वाया गेली.

"चाळीस वर्षं फिटर होतात ना?" काकू हसत सुटल्या. "बाहीचं माप घेताना आम्ही गिऱ्हाइकाला हात वर करायला सांगतो. नाहीतर घरी जाऊन त्याने फळीवरचा डबा काढला की बाही उसवलीच."

मग त्यांनी माझं टेबल आधी एका टोकाला, मग दुसऱ्या टोकाला न्यायला लावलं, दोन्हीकडे मापाची टेप लावली आणि भात्यात आणखी आठ घड्या घातल्या. तेव्हापासून काम सुरू करण्याआधी काका मला दोन्ही टोकांपर्यंत फिरवत आणि काकू आपल्या शिवणावरून न बघताच म्हणत, "हात वर कर गं."

त्यानंतर मी पुष्कळ कामं केली. लेकीची पाटी केली, शेजारच्या आजींच्या रेडिओची बटणं केली. लोक काकांचं कौतुक करत. काका भात्याकडे बोट दाखवत.

मग काकू आजारी पडल्या आणि गेल्या. काकांनी दोन्ही मशिनींवर एकच चादर टाकली. वर्षभर कोणी ती उचलली नाही. माझ्या स्क्रूवर तांबूस गंज चढला.

एके दिवशी लेक आली. "बाबा, मशीन नुसती पडून आहे. रविवारी एक जण बघायला येतोय. चांगला माणूस आहे, वापरेल तरी." काका "बरं" म्हणाले.

रविवारी सकाळी त्यांनी मला पुसलं, तेल दिलं. गिऱ्हाईक आलं. त्याने माझे पाय दाबून पाहिले, खूश झाला. काकांनी टेबल टोकाला नेलं आणि भाता एका घडीवर टर्रकन फाटला.

"असू द्या," तो म्हणाला. "हे कापड मी फेकणारच होतो. तयार कव्हर मिळतं."

काकांनी ती फाटकी घडी बोटांनी जुळवून धरली. मग म्हणाले, "मग नाही जमायचं."

"अहो बाबा!" लेक म्हणाली.

"वापरायचीच आहे ना? मी वापरतो."

गिऱ्हाईक गेल्यावर काकांनी काकूंचा शिवणाचा डबा उघडला. सुईत दोरा ओवायला लेकीला बोलावलं. ठिगळ कापायला कात्री उचलली आणि थांबले. कात्री खाली ठेवून त्यांनी माझं टेबल एका टोकाला नेलं, मग दुसऱ्या. दोन्हीकडे टेप लावली.

"हात वर कर गं," ते मला म्हणाले.

टाके वाकडेतिकडे आले आहेत, पण अजून एकही उसवलेला नाही. मित्रांनो, तुमच्याही घरात कोणी काही शिवून, जोडून, दुरुस्त करून ठेवलं असेल. ते चादरीखाली ठेवू नका, वापरा. आणि फाटलं तर फेकण्याआधी एकदा सुई हातात घ्या.