सूचनेखालच्या ओळी

मारझोडीतून पळालेल्या बायकांच्या निवाऱ्याची वेबसाइट दादा फुकटात सांभाळायचा. त्याची धाकटी बहीणच तिथे लपली होती ना! नवऱ्याने तिचा जबडा मोडला, दोन दात पाडले, तरी मेल्याचं समाधान झालं नव्हतं. ‘सापडलीस की संपवतो,’ म्हणून निवाऱ्याच्या वेबसाइटवरून निरोप धाडत होता.

वेबसाइटचं पान तुकड्यांचं होतं. माथा एका फाइलीत, सूचना दुसरीत, आणि सर्व्हर ते जोडून दाखवायचा. सूचना संचालिकाबाई लिहायच्या आणि त्याच फाइलीत खाली, कुठली बाई कुठल्या घरात ठेवली तेही टिपायच्या. टिपण पानावर दिसू नये म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना घालायच्या खुणा दादानेच शिकवल्या होत्या. बाईंना वाटायचं, खुणा म्हणजे कुलूपच.

त्या सकाळी बाईंची एक खूण अर्धवट राहिली आणि अर्धं पान गायब झालं. दादा वैतागला. ही फाइल यापुढे साधा मजकूर म्हणून जोडायची, असं त्याने सर्व्हरला सांगून टाकलं. साध्या मजकुरात खुणेला कोण विचारतो? असेल ते सगळं जसंच्या तसं छापलं जातं. पान वरवर बघून शहाणा जेवायला गेला.

तासाभराने बहिणीचा फोन आला. “दादा, तो दार फोडतोय!”

त्याने पान उघडलं. सूचनेखाली पहिलीच ओळ तिची होती. नाव, गल्ली, मजला. खाली आणखी चौघींच्या. पोलिसांना आणि बाईंना फोन करतच तो धावत सुटला.

दाराच्या फळ्या जिन्यात पडल्या होत्या. आत मेहुणा हातोडा उगारून उभा, बहीण कोपऱ्यात. दादा मधे पडला. पहिला घाव उजव्या मनगटावर बसला आणि हाड मोडल्याचं त्याला ऐकू आलं. दुसरा खांद्यावर. तिसरा पडायच्या आत बहिणीने इस्त्री उचलून नवऱ्याच्या कानशिलात हाणली. तो कोसळला तरी ती थांबेना. “माझे दात! माझे दात!” म्हणत मारतच राहिली. भिंतीवर रक्त उडालं. खरं सांगायचं तर दादाला तिला आवरावंसं वाटत नव्हतं. शेवटी डाव्या हाताने त्याने तिला ओढलं.

संचालिकाबाई धापा टाकत आल्या. “माझंच चुकलं गं, मीच तिथे लिहिलं होतं.”

“नाही बाई. उघडं मी केलं,” दादा म्हणाला.

बहिणीने तोंडावरचं रक्त पुसलं. “माझीच ओळ होती की बाकीच्यांच्याही?”

“आणखी चौघींच्या,” दादा म्हणाला.

“पुसल्यास ना, दादा?”

तो डाव्या हाताने खिशातला फोन काढायला धडपडू लागला. तेवढ्यात बाईंचा फोन वाजला.

“पुलापलीकडच्या आपल्या दुसऱ्या घरातून आहे,” म्हणत त्यांनी तो कानाला लावला. पलीकडे दार फुटल्याचा आवाज खोलीत सगळ्यांना ऐकू आला.